मान डोलवू नका, परत विचारा : अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्यांसाठी इंग्रजीच्या नियमाची तयारी

समोरच्याचं बोलणं नीट कळलं नाही तरी मान डोलवायची आपल्याला सवय असते. समोर पोलीस असेल, साहेब असेल, तर जास्तच. अमेरिकेत ट्रक चालवायला लागलो त्या पहिल्या वर्षी ही सवय माझ्या अंगाशी आली. एका गोदामाच्या फाटकावरून रेडिओवर मला डॉकचा, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या दाराचा, आकडा सांगितला. मी "ओके" म्हणालो आणि पन्नास नंबरच्या डॉककडे ट्रेलर मागे घ्यायला लागलो. सांगितलं होतं पंधरा. पन्नासच्या शेजारी एक माणूस पाठमोरा उभा राहून दुसऱ्या ट्रेलरचं सील कापत होता. आरशात तो मला दिसला तेव्हा आमच्यात पाच-सहा फूट उरले होते. फिफ्टीन आणि फिफ्टी, एवढाच फरक.

म्हणून इंग्रजीच्या नियमाकडे मी केवळ सरकारी कटकट म्हणून बघत नाही. आपल्या लोकांमध्ये या नियमाची भीती खूप आहे आणि माहिती कमी. नियम काय, तपासणीत काय होतं आणि तयारी कशी करायची, हे खाली सविस्तर लिहितो आहे.

नियम नेमका काय मागतो

अमेरिकेच्या संघीय नियमावलीच्या शीर्षक 49 मधलं कलम 391.11 चालकाची पात्रता ठरवतं. इंग्रजीबद्दल त्यात चार गोष्टी आहेत : सर्वसामान्य लोकांशी बोलता येणं, रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या आणि सिग्नल समजणं, अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता येणं, आणि अहवाल व नोंदी भरता येणं. या चार कामांपुरतं इंग्रजी वाचता-बोलता यायला हवं. व्याकरण शुद्ध हवं किंवा उच्चार अमेरिकन हवा, असं नियमात कुठेही नाही.

नियम 1930च्या दशकापासूनचा आहे. मग आत्ताच एवढा गाजावाजा का? 2016 साली एफएमसीएसएने, म्हणजे ट्रकवाहतुकीच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या संघीय संस्थेने, एक सूचना काढली होती. त्यानुसार फक्त इंग्रजी कमी पडलं म्हणून चालकाला जागेवर थांबवायचं नाही असं ठरलं. लिहिलं तर उल्लंघन लिहायचं, पण गाडी पुढे जाऊ द्यायची. 28 एप्रिल 2025 रोजी राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, 20 मे रोजी एफएमसीएसएचं नवीन धोरण आलं आणि 25 जून 2025 पासून इंग्रजी न येणं हे 'आउट ऑफ सर्व्हिस' करण्याचं, म्हणजे चालकाला तिथेच गाडी चालवायला मनाई करण्याचं, कारण झालं. ब्रेक खराब निघाला तर मेकॅनिक बोलवून चार तासांत सुटका होते. इंग्रजीचं तसं नाही. दुसरा पात्र चालक येऊन गाडी घेऊन जाईपर्यंत माल तिथेच पडून राहतो.

हा नियम फक्त सीडीएलवाल्यांना, म्हणजे अवजड गाड्यांचं व्यावसायिक लायसन्स असणाऱ्यांना, आहे असं पुष्कळांना वाटतं. ते चूक आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धंद्यासाठी माल नेत असाल आणि गाडीची वजनक्षमता 10,001 पौंड किंवा जास्त असेल, तर तो तुम्हालाही लागू आहे. सीडीएल 26,001 पौंडांपासून लागतं. त्यामुळे सव्वीस फुटी बॉक्स ट्रक साध्या लायसन्सवर चालवणारा आपला माणूसही यात येतो, आणि बहुधा त्यालाच हे ठाऊक नसतं.

दोन सवलती आहेत. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या व्यापारी पट्ट्यात उल्लंघनाची नोंद होते, पण या कारणावरून गाडी थांबवत नाहीत. आणि ज्यांना ऐकू येत नाही, पण श्रवणाबाबतची सूट मिळालेली आहे, त्यांना 'बोलता येत नाही' म्हणून अपात्र ठरवत नाहीत.

तपासणीत काय घडतं

अधिकारी सुरुवातीपासून इंग्रजीतच बोलतो. पहिल्या दोन-चार वाक्यांत तुम्ही गोंधळलेले दिसलात, तर तो भाषेची वेगळी चाचणी घेतो. तिचे दोन टप्पे असतात. आधी तोंडी प्रश्न. त्यात दुभाषी, फोनवरचं भाषांतराचं ॲप, चिठ्ठी, कार्ड यातलं काहीही चालत नाही, कारण या साधनांमुळे माणसाला येत नसलेलं झाकलं जातं. त्यात उत्तीर्ण झालात तर दुसरा टप्पा पाट्या ओळखण्याचा, आणि त्यात अक्षरं बदलणारे इलेक्ट्रॉनिक फलकही धरलेले आहेत. पाटीचा अर्थ कोणत्याही भाषेत सांगितला तरी चालतो, पण अधिकाऱ्याला ती भाषा समजली पाहिजे. मराठी समजणारा अधिकारी भेटेल या आशेवर बसू नका, अर्थ इंग्रजीतच पाठ करा. तोंडी टप्प्यातच अडकलात तर पाट्यांपर्यंत गोष्ट जातही नाही.

12 ऑगस्ट 2025 रोजी फ्लोरिडात फोर्ट पिअर्सजवळ एका ट्रकने मनाई असलेल्या जागी यू-टर्न घेतला आणि तीन माणसं गेली. अपघातानंतर त्या मूळ भारतीय चालकाची भाषाचाचणी घेतली, तेव्हा त्याने 12 तोंडी प्रश्नांपैकी 2 आणि 4 पाट्यांपैकी 1 बरोबर सांगितली, असं वाहतूक खात्याने जाहीर केलं. तेव्हापासून आपल्यासारख्या चेहऱ्याच्या चालकांकडे जास्त बारकाईने बघितलं जातं, असं माझ्यासकट अनेकांना जाणवतं. ते दुखतं. पण त्याचं उत्तर आपल्याच हातात आहे आणि ते तयारीत आहे.

पायरी पहिली : आपलं इंग्रजी आणि रस्त्यावरचं इंग्रजी

इंग्रजी शाळेत शिकलेला मराठी माणूसही इथे अडतो, कारण आपले शब्द वेगळे. आपण 'ओव्हरटेक' म्हणतो, इथे 'पास' म्हणतात. 'डू नॉट पास' ही पाटी वाचून एका नवख्या मुलाने मला विचारलं होतं, "मग मी पुढे जायचंच नाही का?" त्याचं चुकलं नव्हतं, त्याला ओव्हरटेक करू नका हा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता. असे शब्द एका वहीत समोरासमोर लिहून काढा. आपलं डायव्हर्जन म्हणजे इथे डीटूर. इंडिकेटरला टर्न सिग्नल. फ्लायओव्हरला ओव्हरपास. लेव्हल क्रॉसिंगला रेलरोड क्रॉसिंग. नंबर प्लेटला लायसन्स प्लेट. सायलेन्सरला मफलर, बोनेटला हूड, स्टेपनीला स्पेअर टायर, टॉर्चला फ्लॅशलाइट, गोडाऊनला वेअरहाउस. पंक्चरला फ्लॅट म्हणतात आणि टायर फुटला तर ब्लोआउट. समोरच्याला आधी जाऊ द्या या अर्थाने यील्ड. शोल्डर म्हणजे रस्त्याच्या कडेची पट्टी, तिथे खांद्याचा काही संबंध नाही.

उच्चारात आपला घोळ होतो तो 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा. आपल्याकडे दोन्हीला 'व' एकच. 'वेट' म्हणताना थांबा म्हणताय की वजन म्हणताय हे संदर्भावरून कळतं, पण 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' गफलत करतात. दिशा सांगताना 'वेस्टबाउंड' असा पूर्ण शब्द वापरा, म्हणजे प्रश्नच मिटतो.

पायरी दुसरी : आकडे

यावर मी सगळ्यात जास्त जोर देतो. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, चाळीस मागून. इंग्रजीत उलट. घाईत डोक्यात सत्तेचाळीस असलं की तोंडून 'सेव्हन्टी-फोर' निघून जातं. माइल मार्कर (रस्त्याकडेची मैलाची पाटी) 47 ला गाडी बंद पडलेली आणि मदत 74 ला पाठवलेली, म्हणजे 27 मैलांचा फरक. यावर उपाय एकच : आकडे सुटे बोला. 'फोर-सेव्हन, फॉर्टी-सेव्हन.' तसंच तेरा ते एकोणीसचे आकडे ऐकले की लगेच उलटून विचारा : 'वन-फाइव्ह, फिफ्टीन?' डॉकवर, फाटकावर, फोनवर, सगळीकडे.

मापंही अंगात मुरवायला हवीत. इथे उंची फूट-इंचांत, वजन पौंडांत, तापमान फॅरनहाइटमध्ये. बंद ट्रेलरची उंची सहसा 13 फूट 6 इंच, म्हणजे साधारण 4.11 मीटर. भरलेल्या ट्रकची आंतरराज्य महामार्गांवरची सर्वसाधारण कमाल मर्यादा 80,000 पौंड, म्हणजे सव्वाछत्तीस टनांच्या आसपास. 32 अंश फॅरनहाइटला पाणी गोठतं. त्यामुळे 'ब्रिज आइसेस बिफोर रोड' (रस्त्याआधी पुलावर बर्फ धरतं) ही पाटी आणि डॅशबोर्डवर 33 हा आकडा एकत्र दिसला की पाय हलका करायचा.

उंचीच्या पाटीचं महत्त्व पाहायचं असेल तर नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावचा रेल्वे पूल आठवा. त्याची उंची वर्षानुवर्षं 11 फूट 8 इंच होती. तिथे उंच गाडी आली की 'ओव्हरहाइट मस्ट टर्न' अशी अक्षरं पेटणारा फलक लावला, तरी ट्रकांची छतं सोलून निघतच राहिली. शेवटी 2019 मध्ये पूल आठ इंच उचलून 12 फूट 4 इंच केला, आणि त्यानंतरही तिथे ट्रक अडकले आहेत. आपला 13 फूट 6 इंचांचा ट्रेलर तिथून जाणं शक्य नाही, हे वाचायला चार सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात मनातल्या मनात भाषांतर होत नाही, अर्थ सरळ डोळ्यांतून पायापर्यंत जावा लागतो.

पायरी तिसरी : पाट्या

आधी रंग शिका, कारण अक्षरं वाचण्याआधी रंग दिसतो. पिवळा म्हणजे धोक्याची सूचना, नारिंगी म्हणजे रस्त्याचं काम, पांढरा म्हणजे नियम, हिरवा म्हणजे दिशा आणि अंतर, निळा म्हणजे सोयी, तपकिरी म्हणजे पर्यटनस्थळं. झगझगीत गुलाबी दिसला तर पुढे अपघात किंवा तशीच काही घटना आहे.

मग ट्रकवाल्यांच्या खास पाट्या. 'रनअवे ट्रक रॅम्प' म्हणजे ब्रेक गेले तर शिरायची वाळू-खडीची चढण. 'ट्रक्स यूज लो गिअर' म्हणजे उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. 'सिक्स पर्सेंट ग्रेड' म्हणजे शंभर फुटांना सहा फूट उतार. 'सॉफ्ट शोल्डर' म्हणजे कडेची माती खचेल, चाक उतरवू नका. 'नो ट्रक्स', 'वेट लिमिट', 'वे-स्टेशन नेक्स्ट राइट' (वे-स्टेशन म्हणजे ट्रकचं वजन आणि तपासणी होते ती जागा), 'चेन्स रिक्वायर्ड'. कोलोरॅडोत आय-70 या आंतरराज्य महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मे व्यापारी गाड्यांनी बर्फावर चाकांना लावायच्या साखळ्या जवळ बाळगणं सक्तीचं आहे. तिथे फलकावर 'चेन लॉ इन इफेक्ट' पेटलं की त्या चढवायच्या, नुसत्या बाळगून भागत नाही. याच आय-70 वर डेन्व्हरजवळ 25 एप्रिल 2019 रोजी ब्रेक गेलेला ट्रक रनअवे रॅम्पजवळून तसाच पुढे गेला आणि थांबलेल्या गाड्यांवर आदळून चार माणसं गेली. मी घाट उतरण्याआधी रॅम्प कुठे-कुठे आहेत ते माइल मार्करसकट कागदावर लिहून घेतो. उतारावर शोधायला वेळ नसतो.

इलेक्ट्रॉनिक फलकांची भाषा तुटक असते. 'क्रॅश अहेड टू माइल्स, लेफ्ट टू लेन्स क्लोज्ड' यात क्रियापदं जवळजवळ नाहीत. सरावासाठी सोपी रीत : शेजारी कोणी बसलेलं असेल तर प्रत्येक फलक मोठ्याने वाचा आणि मग 'आय विल...' ने सुरू होणारं एक वाक्य बोला. 'आय विल मूव्ह टू द राइट लेन.' चाचणीतही हेच विचारतात, पाटी काय म्हणते आणि तुम्ही काय कराल.

पायरी चौथी : वे-स्टेशनची तालीम

तोंडी प्रश्नांचे विषय धोरणातच दिलेले आहेत : कुठून आलात, कुठे निघालात, ड्यूटीवर किती वेळ आहात, लायसन्सवरची माहिती, मालाच्या कागदांवरची माहिती, आणि गाडीचे तपासायचे भाग. म्हणजे परीक्षेचा अभ्यासक्रम फुटलेला आहे. घरातल्या मुलाला किंवा मुलीला अधिकारी करा आणि रोज दहा मिनिटं तालीम करा. इथे वाढलेली मुलं यात फार उपयोगी पडतात, कारण त्यांचा उच्चार अधिकाऱ्यासारखाच असतो.

अधिकारी पुस्तकी इंग्रजी बोलत नाही, हे ध्यानात ठेवा. 'व्हेअर आर यू गोइंग' ऐवजी तो 'व्हेअर यू हेडेड?' विचारेल. 'व्हॉट आर यू हॉलिंग?' म्हणजे माल काय आहे. 'व्हेअरड यू पिक अप?' म्हणजे माल कुठून भरला. 'हाउ मेनी अवर्स यू गॉट लेफ्ट?' म्हणजे तास किती उरले. 'लेट मी सी युअर बिल्स' म्हटलं की तो बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाचा कागद, मागतो आहे, पैशांची बिलं नव्हे. 'मेडिकल कार्ड', 'रजिस्ट्रेशन', 'कॅब कार्ड', 'इन्शुरन्स' हे शब्द ऐकल्याबरोबर हात योग्य कागदावर गेला पाहिजे. कागद एकाच फाइलमध्ये, ठरलेल्या क्रमाने ठेवा. बोलताना अडखळलात तरी हात अडखळला नाही की समोरच्यालाही धीर येतो.

तासांवर बोलता यायला हवं : 10 तास विश्रांतीनंतर 11 तास गाडी चालवायची मुभा, तीही ड्यूटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आत, आणि 8 तास चालवल्यावर 30 मिनिटांची सुट्टी. 'सेंड मी युअर लॉग्ज' म्हटल्यावर तो एक कोड देतो, तो ईएलडीमध्ये, म्हणजे तासांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रात, टाकून लॉग पाठवायचे असतात. ईएलडीच्या सूचनांचं पत्रक आणि 8 दिवसांचे कोरे लॉग कॅबमध्ये असलेच पाहिजेत.

गाडी तपासताना तो खालून ओरडून सांगतो, इंजिनाच्या आवाजात. 'शट इट ऑफ.' 'पुट इट इन न्यूट्रल.' 'रिलीज युअर ब्रेक्स.' 'बिल्ड युअर एअर अप', म्हणजे ब्रेकची हवा भरू द्या. 'स्टेप ऑन द ब्रेक अँड होल्ड इट.' 'लेफ्ट टर्न.' 'फोर-वेज', म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावा. इथे भाषेचा आणि जिवाचा थेट संबंध आहे. तो गाडीखाली असतो, तुम्ही वर. न कळता काहीतरी दाबलंत तर काय होईल याचा विचार करा. ऐकू आलं नाही तर हात सगळ्यावरून काढून खिडकीबाहेर दाखवा आणि मोठ्याने म्हणा, 'सॉरी, आय डिडन्ट हिअर यू. प्लीज से इट अगेन.' परत विचारणं म्हणजे इंग्रजी न येणं नव्हे. अंदाजाने केलेली कृती मात्र इंग्रजी न येण्याचा पुरावा ठरते.

मान डोलवण्याबद्दल आणखी एक. आपली ती डावी-उजवी डुलणारी मान अमेरिकन माणसाला हो आहे की नाही ते कळत नाही. तोंडाने 'यस, सर' किंवा 'नो, मॅम' म्हणा.

पायरी पाचवी : नोंदी

तारीख आधी महिना, मग दिवस. 5 मार्च म्हणजे 3/5. सवयीने 5/3 लिहिलंत तर ती 3 मे होते आणि लॉग खोटा वाटतो. गाडीच्या दोषाची नोंद तीन तुकड्यांत बसते : जागा, भाग, दोष. 'राइट रिअर ट्रेलर, टर्न सिग्नल, नॉट वर्किंग.' 'लेफ्ट साइड, ब्रेक चेंबर, एअर लीक.' अशी पंधरा-वीस वाक्यं स्वतःच्या हाताने इंग्रजी लिपीत लिहून वहीत ठेवा आणि स्पेलिंग पाठ करा. लांब वाक्यांची गरज नाही.

पायरी सहावी : 911 (तातडीच्या मदतीचा नंबर)

फोनवर पहिला प्रश्न ठिकाणाचा असतो. उत्तराचा क्रम ठरवून ठेवा : रस्ता, दिशा, माइल मार्कर, काय झालं, कोणाला लागलं. 'आय-80, वेस्टबाउंड, माइल मार्कर टू-वन-सिक्स. ट्रक ऑन फायर. नो वन हर्ट.' बंद पडलेल्या गाडीमागे 10 मिनिटांच्या आत धोक्याची सूचना देणारे तीन त्रिकोण लावायचे. विभागलेल्या किंवा एकेरी रस्त्यावर येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूने 10, 100 आणि 200 फुटांवर.

फोनवर भाषांतर बघत गाडी चालवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. हातात फोन धरल्याचा दंड चालकाला 2,750 डॉलरपर्यंत जातो आणि कंपनीला 11,000 डॉलरपर्यंत. ॲप घरी शिकण्यासाठी ठेवा.

शिकायला कुठे जायचं

बहुतेक शहरांतल्या सार्वजनिक वाचनालयांत आणि कम्युनिटी कॉलेजांत प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग असतात, बऱ्याच ठिकाणी मोफत. सतत रस्त्यावर असणाऱ्याला ते जमत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याने राज्याचं सीडीएल मॅन्युअल इंग्रजीत मोठ्याने वाचावं. त्यातले शब्द आणि वे-स्टेशनवर ऐकू येणारे शब्द बव्हंशी एकच असतात. सीडीएलची गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा इंग्रजीतच होते आणि तिथे दुभाषी चालत नाही. लेखी परीक्षेच्या भाषेबद्दल आपल्या राज्याच्या कार्यालयातच विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

थांबवलंच तर

वाद घालू नका आणि कोणत्याही कारणाने गाडी हलवू नका. आउट ऑफ सर्व्हिसचा आदेश मोडून गाडी चालवल्याचं सिद्ध झालं तर पहिल्याच वेळी सीडीएल 180 दिवस ते 1 वर्ष जातं. कंपनीला लगेच फोन करा, दुसरा चालक मागवा. गाडी मालकीची असेल तर अशा वेळी कोणाला बोलवायचं, ते नाव आणि नंबर आजच ठरवून ठेवा. तपासणी अहवालाची प्रत मागून घ्या, फोटो काढा आणि त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, कोणते प्रश्न विचारले आणि तुम्ही काय उत्तर दिलं ते लिहून काढा, मराठीत लिहिलंत तरी चालेल. निर्णय चुकीचा वाटत असेल तर 'डेटाक्यूज' या सरकारी प्रणालीतून फेरतपासणी मागता येते, आणि तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.